घरच्यांचे नाव घ्यायचे नाही

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, वायरचा. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपलेली आहे आणि अंगावरचा काळा रंग जिथे जिथे हात लागतात तिथे तिथे उडून गेला आहे. सध्या माझा मुक्काम वाचनालयाच्या वरच्या हॉलमधल्या लोखंडी कपाटात असतो. शेजारी एक फाटका कापडी फलक, पाय मोडलेले स्टँड आणि कुणीतरी विसरलेली छत्री आहे. त्यांच्याशी बोलून बोलून मी कंटाळलो, म्हणून आज तुम्हाला हाक मारली. तुम्ही कधी मला हातात घेतलेत तर फुंकर मारू नका, आणि डोक्यावर टिचक्या तर मुळीच मारू नका. जन्मभर मी तेच सोसत आलो आहे.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे मुली ओळीने बसून काम करत. माझ्या पोटात केसाहून बारीक तारेचे एक वेटोळे आहे. ते बसवणाऱ्या मुलीने डोळ्याला भिंग लावले होते. श्वास लागून तार हलू नये म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. वेटोळे जागच्या जागी बसल्यावर तिने तो सोडला. मी ऐकलेला पहिला आवाज तोच. पुढे आयुष्यात पुष्कळ मोठमोठी भाषणे ऐकली, पण ती त्या सुस्काऱ्याइतकी खरी असायचीच असे नाही.

वाचनालयाच्या चिटणिसांनी मला दुकानातून आणले. वरच्या हॉलमध्ये माझी सोय झाली. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा, बक्षीस समारंभ, शोकसभा, निरोप समारंभ, सगळीकडे माझ्यावाचून पान हलत नसे. शोकसभेत लोक माझ्यापासून हातभर लांब उभे राहत आणि बक्षीस समारंभात माझ्या अंगावर येत. काहीजण मला बहिरा समजून ओरडत. काहीजण इतके हळू बोलत की मला त्यांची दया येई. ‘‘आवाज काय स्वच्छ आहे हो या माईकचा!’’ असे कुणी म्हटले की मी फुलून जात असे. खोटे कशाला बोलू, कौतुक मला आवडते.

वाचनालयाच्या मागच्या गल्लीत टायपिंगचा एक क्लास होता. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे टायपिंगच्या बाई म्हणत. पुढे टाइपरायटर गेले, क्लासात संगणक आले, तरी बाईंचे नाव बदलले नाही. त्या उंच होत्या, शिस्तीच्या होत्या आणि त्यांच्या हातात कायम एक लाकडी पट्टी असे. बाईंनी मनावर घेतले की गावात ज्या बायका स्वतःच्या हिमतीवर धंदा करतात, त्यांना महिन्यातून एकदा या हॉलमध्ये जमवायचे. एकीने उभे राहून आपल्या धंद्याची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. ऐकणाऱ्यांतल्या एखादीला तरी वाटले पाहिजे की हिला जमले, तर मलाही जमेल.

विचार चांगला होता, पण सुरुवातीला सगळा आनंदच होता. ड्रायक्लीनिंगचे दुकान चालवणारी एक बाई पहिल्यांदा उभी राहिली. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. तिने सासऱ्यांचे आभार मानले, कारण त्यांनी हो म्हटले. नवऱ्याचे मानले, कारण त्यांनी नाही म्हटले नाही. दिरांचे मानले, कारण त्यांनी गाळा बघून दिला. मग चुलतसासऱ्यांचे, मग मोठ्या नणंदेच्या यजमानांचे. शेवटी ‘‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते,’’ असे म्हणून ती खाली बसली. दुकानाबद्दल तिने अवाक्षर काढले नव्हते.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या दुकानात कपड्यांचे डाग कोण काढतं हो? चुलतसासरे?’’

हॉलमध्ये हशा पिकला. ती बिचारी ओशाळून म्हणाली, ‘‘नाही हो, मीच काढते.’’

‘‘मग ते सांगा ना! घरच्यांचे आभार घरी माना, आमचं काही म्हणणं नाही. पण या माईकवर घरच्यांचं नाव घ्यायचं नाही. तुम्ही काय केलंत तेवढंच सांगायचं.’’

त्या दिवसापासून तो नियमच झाला. कुणी चुकून ‘‘आमच्या ह्यांनी’’ म्हटले की बाई टेबलावर पट्टी आपटत. टक्! बोलणारी जीभ चावे, बायका हसत आणि गोष्ट पुन्हा रुळावर येई.

मित्रांनो, नियम चांगला होता हे मी छातीठोकपणे सांगतो. मी तो जवळून पाहिला आहे. ज्या बायका मला धरून थरथर कापत, त्याच हळूहळू ताठ उभ्या राहू लागल्या. ती ड्रायक्लीनिंगवाली पुढच्या वर्षी पुन्हा बोलली. पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाचा लोकरीचा कोट आखडून बाहुलीच्या कोटाएवढा झाला, तो घेऊन ती स्वतः त्यांच्या दारी कशी गेली, आणि त्या माणसाने कोट बघून रागावण्याऐवजी पोट धरून कसे हसायला सुरुवात केली, हे तिने असे रंगवून सांगितले की माझ्या वायरीतून हसू वाहत होते. त्याच बैठकीला आलेल्या एका मुलीने पुढे सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. आणखी एकीने रोपवाटिका काढली. हॉलमधून जाताना बायकांची चाल बदललेली असे. मला वाटे, आपण जन्माला आलो त्याचे सार्थक झाले.

आता मी तुम्हाला दोन जावांची गोष्ट सांगतो. खरे तर तिच्यासाठीच मी बोलायला बसलो आहे. त्यांची नावे मला माहीत आहेत, पण थोरली आणि धाकटी एवढे म्हटले तरी पुरेल.

दोघींचे नवरे एका छापखान्यात होते. छापखाना बंद पडला आणि दोघे भाऊ एकदमच घरी बसले. तेव्हा या दोघींनी स्वयंपाकघरात पुठ्ठ्याची खोकी करायला घेतली. चपलांच्या दुकानांना, भेटवस्तूंच्या दुकानांना खोकी लागतात. पुठ्ठा कापायचा, घडी घालायची, कोपऱ्यांना खळ लावून चिकटवायचे आणि वाळवायचे. पण दमट हवेत खळ सुटे आणि खोकी कोपऱ्यात उकलत. दुकानदार ती तोंडावर परत फेकत. एका दुपारी थोरलीने असे परत आलेले एक खोके फरशीवर उलगडून ठेवले आणि त्याच्याकडे बघत बसली. मग कातर घेऊन तिने कडेला दोन खाचा दिल्या, एक जीभ ठेवली, ती खाचेत सरकवली. खोके उभे राहिले. खळीचा एक थेंब न लावता कोपरा असा घट्ट बसला की त्याच्यावर उभे राहिले तरी उकलेना. ती घडी म्हणजेच त्यांचा धंदा. धाकटीने ते खोके पिशवीत घातले आणि दुकाने पालथी घातली. तिच्या जिभेवर साखर होती आणि पायांत भिंगरी होती. थोरली मात्र अबोल. परक्या माणसासमोर तिला स्वतःचे नावसुद्धा धड सांगता येत नसे. एकीचे हात आणि दुसरीचे तोंड, असा तो संसार होता.

हे सगळे मला कसे कळले? बैठकीच्या आदल्या दिवशी दोघी हॉलमध्ये आल्या होत्या. धाकटीला दुसऱ्या दिवशी बोलायचे होते, म्हणून तालीम करायची होती. हॉल रिकामा होता. थोरली पहिल्या रांगेत नमुन्याची खोकी मांडीवर घेऊन बसली. धाकटीने सगळे सांगितले, आत्ता मी तुम्हाला सांगितले तसेच, आणि जिथे जिथे यायला हवे तिथे तिथे ‘‘आमच्या ताई’’ असे म्हणत गेली. थोरली मध्येच म्हणाली, ‘‘अगं, माझं एवढं नको लांबवू.’’ पण तिचा चेहरा फुललेला होता. धाकटीने तिला ओढून माझ्यासमोर उभे केले. ‘‘बोला की ताई, कुणी नाहीये ऐकायला.’’

थोरली माझ्याकडे बघून लाजली. मग अगदी हळू म्हणाली, ‘‘मी घडी घालते.’’ आपलाच आवाज कर्ण्यातून मोठा होऊन आलेला ऐकून ती दचकली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. ती माझ्यावर बोलली ती तेवढीच.

त्याच वेळी टायपिंगच्या बाई जिना चढून आल्या. त्यांनी तालमीतला शेवट ऐकला होता. त्यांनी विचारले, ‘‘या ताई कोण?’’

‘‘माझ्या थोरल्या जाऊबाई.’’

‘‘म्हणजे घरच्याच की. मग नियमात बसत नाही. एकीला सूट दिली की उद्या प्रत्येकीच्या सासूबाई येतील इथे.’’

धाकटी म्हणाली, ‘‘पण बाई, ती घडी यांनीच...’’

तिचे वाक्य थोरलीनेच तोडले. ‘‘बरोबर आहे बाईंचं. तू तुझं सांग गं. मी काय, घरातलीच आहे.’’

बाईंना घाई होती. खुर्च्या मोजायच्या होत्या, सतरंजी झटकायची होती. घडी कुणाची आणि घर कुणाचे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मित्रांनो, मी तिथेच होतो. सासऱ्या-दिरांसाठी काढलेला नियम हिला कसा लागू होतो, असे मला ओरडून विचारावेसे वाटत होते. पण माझ्याकडे स्वतःचा आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. धाकटी सुंदर बोलली. छापखान्याची गोष्ट आली, उकललेली खोकी आली, तोंडावर फेकणारा दुकानदार आला. आणि घडीची जागा आली तेव्हा ती क्षणभर थांबली. तिचा तळवा घामेजला, तो ओलावा मला लागला. मग ती म्हणाली, ‘‘एका दुपारी मी ते खोकं फरशीवर उलगडलं, आणि बघता बघता मला सुचलं.’’

हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेत थोरलीनेही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर तिच्या थांबल्या. मग तिने मांडीवरचे एक खोके उगाचच उघडले आणि पुन्हा बंद केले.

एवढ्यावर थांबले असते तर मी ही गोष्ट तुम्हाला सांगितली नसती. पण धाकटीचे भाषण गाजले. तिला कॉलेजात बोलावू लागले, दुसऱ्या गावांतून आमंत्रणे येऊ लागली. आमच्या हॉलमध्ये तर दरवर्षी ती हवीच असे. तिची गोष्ट ऐकून कितीतरी जणींनी धंदे सुरू केले, हे अगदी खरे आहे. एक विधवा बाई तिच्या पाया पडायला आली होती. तिने पिशव्या शिवायला सुरुवात केली होती आणि त्यावर तिची मुले शिकत होती. म्हणून मला धाकटीचा सरळ राग करता येत नाही. गोष्ट कामाला येत होती. फक्त ती अर्धी होती.

थोरली सुरुवातीला सोबत येई. नमुन्यांची पिशवी तिच्याच खांद्यावर असे. बायका धाकटीभोवती गर्दी करत आणि एखादी वळून हिला विचारी, ‘‘तुम्ही कोण यांच्या?’’ ती म्हणे, ‘‘मी घरचीच.’’ मग ती बाई पुन्हा धाकटीकडे वळे.

एकदा भाषण झाल्यावर मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. शिकलेली असावी, चौकस होती. तिने विचारले, ‘‘ती घडी नक्की कशी सुचली तुम्हाला? आधी काय डोक्यात आलं?’’

धाकटीला ते ठाऊक असणार कसे? सुचले ते दुसऱ्या डोक्याला. तिने नकळत थोरलीकडे पाहिले. थोरलीनेही वर पाहिले. मला वाटले, आता होईल, आता ती म्हणेल की हे यांना विचारा. हॉल वाट बघत होता. थोरलीचे ओठ किंचित उघडलेसुद्धा होते. तेवढ्यात धाकटी हसून म्हणाली, ‘‘मुलीच्या फ्रॉकचं बक्कल लावत होते. ती पट्टी बघून डोक्यात आलं.’’

किती सहज आले ते! टाळ्या पडल्या. थोरलीने मान खाली घातली आणि पिशवीचे बंद बांधू लागली. ज्या मुलीच्या फ्रॉकला ते बक्कल होते, ती मुलगी थोरलीची होती. तिला रोज शाळेसाठी तयार थोरलीच करत असे, हे मी तालमीत ऐकले होते.

त्यानंतर थोरली हॉलमध्ये आली नाही. त्यांच्यात भांडण झाले असते तर बरे झाले असते असे मला पुष्कळदा वाटते. दोन शब्द चढले असते, दोन उतरले असते, रडून झाल्यावर चहा झाला असता. तसे काही झालेच नाही. बायकांच्या बोलण्यातून मला एवढेच कळले की खोक्यांना आता यंत्र आले, मोठी शेड झाली, आणि हाताने घडी घालायचे काम उरले नाही. थोरलीचे यजमान वारले. ती लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. कुणी विचारले तर धाकटी म्हणे, ‘‘त्यांना आता आराम हवा.’’

माझेही दिवस फिरले. हॉलमध्ये बिनवायरचे दोन माईक आले, चकचकीत, हलके. त्यांना हातात घेऊन लोक हॉलभर हिंडू लागले. मला गुंडाळून कपाटात ठेवले. सुरुवातीला वाटले, मागणी येईल. मग नुसते कपाटाचे दार उघडले तरी पुरे वाटू लागले. हॉलचा शिपाई वर्षातून एकदा साफसफाईला दार उघडी, माझ्याकडे बघून म्हणे, ‘‘हा अजून इथंच?’’ आणि दार लावून टाकी. माझ्यावर धूळ बसली, जाळीला गंज चढला. ज्याने एवढ्या जणींची गोष्ट जगाला ऐकवली त्याची ही गत! वाईट वाटले, अजूनही वाटते.

आणि मग एके दिवशी दुपारी शिपायाने मला बाहेर काढले. नव्या माईकांपैकी एक बिघडला होता आणि दुसऱ्याचा सेल टिकत नव्हता. संध्याकाळी बाईंच्या बैठकीचा मोठा समारंभ होता. पंचवीस वर्षे झाली होती. त्याने ओल्या फडक्याने मला पुसले, वायर जोडली, डोक्यावर टिचकी मारली. पहिल्यांदाच मला त्या टिचकीचा राग आला नाही.

टायपिंगच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. किती म्हाताऱ्या झाल्या होत्या! पट्टी मात्र हातात होती, आता ती टेकायला उपयोगी पडत असावी. तेवढ्यात धाकटी आली. तिचेही केस पिकले होते. ती बाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बाई, आज मी तुमचा नियम मोडणार आहे.’’

बाईंनी विचारले, ‘‘कुठला नियम?’’

‘‘घरच्यांचं नाव घ्यायचं नाही, तो. मला आज ताईंचं नाव घ्यायचंय. ती घडी त्यांची आहे, बाई. माझी नाही.’’

बाई म्हणाल्या, ‘‘अगं, तो नियम नवऱ्या-सासऱ्यांसाठी होता. बरोबरीनं काम करणाऱ्या बाईचं नाव घेऊ नका, असं मी कशाला म्हणेन?’’

‘‘तुम्ही म्हणाला होता. इथंच, आदल्या दिवशी.’’

‘‘मला आठवत नाही गं.’’

धाकटी शेजारच्या खुर्चीत बसली. मग ती म्हणाली, ‘‘तुमच्यावर कशाला ढकलू? नियम एका दिवसाचा होता. पुढं मला तो सोयीचाच पडला. टाळ्या गोड लागल्या. बक्कलाची थाप मारली तेव्हा कुणी पट्टी आपटली नव्हती.’’

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. ‘‘मग आजच कसं सुचलं?’’

‘‘मागच्या महिन्यात त्यांना बघायला गेले होते. त्या नातीला खोकं करून दाखवत होत्या. हात अजून तसेच चालतात. नात तोंडासमोर येऊन, घडीवर बोट ठेवून म्हणाली, आजी, ही घडी कुणी शोधली? आणि ताई म्हणाल्या, तुझ्या धाकट्या आजीनं. माझ्याकडं बघून नव्हे हो. मी दारात उभी होते ते त्यांना दिसलंच नव्हतं.’’ नाक पुसून ती म्हणाली, ‘‘माझी थाप त्यांनाच खरी वाटायला लागलीय, बाई. म्हणून त्यांना घेऊन आलेय. जिथं घेतलं तिथंच परत करायचंय. सगळ्यांसमोर, त्यांच्या कानावर पडलं पाहिजे.’’

संध्याकाळी थोरली आली. धाकटीने तिला हाताला धरून जिना चढवला. ती वाकली होती. पहिल्या रांगेत, कर्ण्याच्या अगदी समोर तिची खुर्ची ठेवली होती. शेजारच्या बाईने तिला विचारले, ‘‘प्रवास बरा झाला का?’’ ती म्हणाली, ‘‘लेक बरी आहे.’’ धाकटी शिपायाला म्हणाली, ‘‘दादा, आवाज जरा मोठा ठेवा. त्यांना थोडं कमी ऐकू येतं.’’ ते थोडे नव्हते, पण धाकटीला हे कुणी सांगितले नसावे, किंवा तिने मान्य केले नसावे.

शिपायाने आवाज वाढवला. मी एकदा शिट्टी मारली, तेव्हा लोकांनी कान दाबले. थोरलीने दाबले नाहीत. ती आजूबाजूला बघून हसली.

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव तोडून काम केले. गंजलेल्या जाळीतून, जुन्या तारेतून मी एक अक्षर गळू दिले नाही. धाकटीने सगळे सांगितले. छापखाना सांगितला, उकललेली खोकी सांगितली, आणि घडीची जागा आली तेव्हा ती थांबली नाही. ‘‘एका दुपारी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते खोकं फरशीवर उलगडलं,’’ ती म्हणाली, ‘‘आणि ती घडी त्यांना सुचली. मला नाही. इतकी वर्षं मी या माईकवर खोटं बोलले. बक्कलसुद्धा खोटं. मी नुसती विकत फिरले. ज्या गोष्टीवर तुम्ही टाळ्या वाजवल्यात ती अर्धी त्यांची होती. त्या इथं बसल्या आहेत.’’

कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उभा राहिला. ती ड्रायक्लीनिंगवाली उभी राहिली, सायकल दुरुस्तीवाली उभी राहिली, बाई पट्टीवर भार देऊन उभ्या राहिल्या. सगळ्याजणी थोरलीकडे बघत टाळ्या वाजवत होत्या.

थोरलीने इकडेतिकडे पाहिले. सगळे उठले म्हणून तीही उठली, आणि धाकटीकडे बघून टाळ्या वाजवू लागली. तिचा चेहरा कौतुकाने भरून आला होता.

बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी तिचे हात हातात घेतले, कुणी पाया पडले. एकजण तिला म्हणाली, ‘‘आजी, ती घडी तुमची होती?’’

थोरली म्हणाली, ‘‘हो, हो. माझी धाकटी जाऊ ती. सगळं हिनंच केलं हो. फार कष्ट काढले.’’

धाकटी मला हातात घेऊनच खाली धावली होती. मला बंद करायचे तिच्या ध्यानात राहिले नाही. तिने थोरलीच्या कानाशी तोंड नेले आणि ओरडली, ‘‘ताई, मी सांगितलं सगळ्यांना! घडी तुमची होती म्हणून सांगितलं!’’ ते दोन्ही कर्ण्यांतून बाहेर पडले. हॉलने ऐकले, जिन्यावर ऐकले, खाली वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांनी ऐकले. रस्त्यावरच्या माणसांनी वर पाहिले असेल.

थोरलीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘छान बोललीस गं. नेहमीसारखंच.’’

शिपायाने येऊन धाकटीच्या हातातून मला हळूच सोडवले आणि बटण खाली ओढले. पुढचे मला ऐकू आले नाही. दोघी हात धरून जिना उतरताना मात्र दिसल्या. धाकटी रडत होती आणि थोरली तिला काहीतरी समजावत होती.

धाकटीने घरी जाऊन कागदावर लिहून दाखवले असेलही. थोरलीला वाचता येत होते. ती म्हणाली असेल, असू दे गं, मी घरचीच. पण भरलेल्या हॉलमध्ये, सगळ्या बायकांसमोर आपले नाव ऐकायचे ते राहूनच गेले. ते आता कुणालाच तिला देता येणार नाही, आणि माझ्यासारख्या माईकला तर नाहीच नाही. आवाज मोठा करणे एवढेच मला येते.

म्हणून मित्रांनो, एवढे माझे ऐका. मला कपाटात ठेवा, चेपलेला आहे म्हणून भंगारात द्या, माझे काही म्हणणे नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी कराल आणि लोक तुम्हाला बोलायला उभे करतील. तेव्हा तुमच्या शेजारी राबलेले एक माणूस पहिल्या रांगेत बसलेले असेल. ते म्हणेल, माझे नाव नको, मी घरचाच. त्याचे ऐकू नका. त्याला ऐकू येते आहे तोवर त्याचे नाव घ्या.